मदत हवी आहे: सेंट थॉमसची (नेवाडा) जुनी टोपोशीट (डोंगर-नद्या दाखवणारा सर्व्हेचा नकाशा) सॅटेलाइट फोटोवर बसत नाहीये

मंडळी, नकाशे किंवा क्यूजीआयएसवालं (नकाशांचं सॉफ्टवेअर) कोणी आहे का इथे?

लेक मीडच्या उत्तरेला मडी आणि व्हर्जिन नद्यांच्या संगमाजवळ सेंट थॉमस नावाचं गाव होतं, १८६५ मध्ये मॉर्मन लोकांनी वसवलेलं. पुढे सीमेचा सर्व्हे झाला तर गाव युटात नाहीच, नेवाडात निघालं, नेवाडाने मागचा सगळा टॅक्स मागितला, तोही सोन्याचांदीत, आणि १८७१ मध्ये जवळजवळ सगळे उठून गेले (एका रेघेपायी गाव उठलं, कमाल आहे!). नंतर परत वस्ती झाली, मग हूवर धरण आलं आणि १९३८ मध्ये गाव पाण्यात. आता तलाव आटल्यामुळे घरांचे पाये उघडे पडलेत, आपल्या उजनीत पळसनाथाचं देऊळ वर येतं तसंच.

तर यूएसजीएसच्या (अमेरिकेचं सरकारी भूसर्वेक्षण खातं) टोपोव्ह्यू साइटवरून १:२,५०,००० ची धरणाच्या आधीची शीट घेतली, जिओटिफ (जागेची माहिती सोबत असलेली नकाशाची फाइल) फुकट मिळते, पण सॅटेलाइटवर टाकली की नदी सरळ डोंगरावर चढते. नॅड२७ वरून डब्ल्यूजीएस८४ केलं (म्हणजे अक्षांश-रेखांशांची जुनी मोजणी-पद्धत बदलून आजची लावली) तरी तेच. चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन परत बसवू का? संगम कंट्रोल पॉइंट (नकाशा आणि फोटो जुळवायची खूण) म्हणून चालेल? गल्ल्याबिल्ल्या नकोत, खोऱ्यातला जुना गाडीरस्ता कुठून जायचा एवढंच हवंय.

प्रतिसाद:
कोपऱ्यांनी काही होणार नाही, जिओटिफ तशीच बसवलेली असते. शीट १९२७ च्या आधीची असेल तर नॅड२७ तिला नीट लागूच होत नाही, आणि तो फरक तिकडे शंभरेक मीटरच्या आतला. खरी गोची स्केलची, कागदावरचा १ मिमी म्हणजे जमिनीवर २५० मीटर, त्यात त्या काळी बराच भाग लांबून बघून काढलेला. संगम तर अजिबात घेऊ नका, पूर आणि तलावाचा गाळ, तो जागेवर राहिलाय थोडाच. डोंगरांची टोकं, घळींची तोंडं असे दहाबारा पॉइंट फक्त खोऱ्याच्या आसपास घ्या आणि क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये (नकाशा जागेवर बसवायचं टूल) थिन प्लेट स्प्लाइन लावा, म्हणजे नकाशा रबरासारखा ताणून त्या पॉइंटांवर बसतो. पण रस्त्यासाठी मी तरी ही शीट वापरणार नाही. बीएलएमच्या (अमेरिकेचं सरकारी जमिनींचं खातं) साइटवर जुने जीएलओ प्लॅट (जुन्या जमीन कचेरीचे मोजणी-नकाशे) शोधा, त्यात मैलामैलाच्या सेक्शन रेषा असतात आणि रस्ता किंवा पाट त्या रेषेला जिथे कापतो तिथलं अंतर सर्व्हेअरने वहीत लिहिलेलं असतं. मोजणी चेनमध्ये, एक चेन म्हणजे ६६ फूट.