सदोष मनुष्यवध, खून, हत्या : नेमका कुठला शब्द कुठे?

प्रश्न (फोंडा) : पर्वरीच्या हमरस्त्यावर भरधाव गाडीने पादचाऱ्याला उडवलं की गोव्यातल्या मराठी बातम्यांत कधी ‘सदोष मनुष्यवधाचा गुन्हा’ असतो, कधी ‘निष्काळजीपणाचा’. दोन्ही एकच का? आणि ‘सदोष’ मनुष्यवध असेल, तर निर्दोषही असतो?

उत्तर (मडगाव) : असतो. मनुष्यवध म्हणजे माणसाच्या हातून माणसाचा मृत्यू, एवढंच. कायद्याच्या मर्यादेत राहून स्वसंरक्षणात कुणाचा जीव गेला, तर मनुष्यवध झाला, गुन्हा नाही. ‘सदोष’ म्हणजे ज्याचा दोष करणाऱ्याच्या माथी येतो तो. ‘वध’ म्हटलं की आपल्याला दशावतारातला कंसवध आठवतो, पण इथे त्या शब्दाला पुण्यकर्माचा वास नाही.

अपघाताचं उत्तर मात्र कलमातच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (१) सांगतं : जे कृत्य सदोष मनुष्यवध ठरत नाही, अशा बेदरकार किंवा हयगयीच्या कृत्याने मृत्यू घडवणं. म्हणजे १०६ लागलेल्या चालकाबद्दल ‘सदोष मनुष्यवध’ लिहिणं कलमाच्या नेमकं उलट. फरक शब्दापुरताही नाही. १०६ (१) ला कमाल ५ वर्षं, गुन्हा जामीनपात्र, खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. १०५, म्हणजे खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेचं कलम, अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. मृत्यू घडण्याचा संभव आहे हे जाणूनच गाडी दामटली, असं दिसलं तर पोलीस १०५ लावतात. बातमीदाराने गुन्ह्याची नोंद पाहून कलमाचा आकडा वाचावा, अंदाज बांधू नये.

म्हापसा : मग खून वेगळा कशाने? दोन्हींत माणूस मेलेलाच.

मडगाव : खून हा सदोष मनुष्यवधाच्या मोठ्या वर्तुळातलं लहान वर्तुळ. कलम १०० मोठं, १०१ लहान. सगळा पेच दोन शब्दांत आहे. मृत्यूचा ‘संभव’ असलेली इजा करायचा हेतू असेल तर सदोष मनुष्यवध. निसर्गाच्या सामान्य क्रमाने मृत्यू यायला ‘पुरेशी’ इजा हेतुपुरस्सर केली तर खून. भाषांतरात दोन्हीकडे ‘शक्य’ टाकलं की भेदच पुसला जातो, आणि ही चूक वारंवार दिसते. तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) भांडण झालं, एकाने सोडा बाटली डोक्यात घातली, दुसरा दोन दिवसांनी गेला : इथे वाद रंगेल. कोयत्याने मानेवर नेम धरून घाव घातला : इथे ‘पुरेशी’वर वाद घालायला फारसं काही उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या विरसा सिंग निकालाने हेच पक्कं केलं : ती विशिष्ट इजा करायचा हेतू होता का, ते आरोपीच्या मनाचं; ती पुरेशी होती का, ते वैद्यकीय पुराव्याचं.

शिवाय पाच अपवाद आहेत. गंभीर आणि अचानक चिथावणी, अकस्मात झालेली मारामारी वगैरे. ते लागू पडले की खून उतरून ‘खुनाच्या सदरात न येणारा सदोष मनुष्यवध’ होतो. ‘अचानक’वर अडतं ते नेहमी : पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटींच्या खटल्यात चिथावणी आणि गोळीबार यांच्या मधल्या सुमारे तीन तासांनीच तो बचाव बुडवला.

पणजी : ‘तीनशे दोन’ अजून लिहावं का?

मडगाव : १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली; त्यापूर्वीच्या घटनेला जुन्या भारतीय दंडसंहितेचं ३०२ च. त्या दिवसापासूनच्या खुनाला शिक्षेचं कलम १०३. नव्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे, म्हणून सवयीने लिहिलं की भलताच आरोप छापून येतो. आणि पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात टिकला म्हणून फौजदारीही वेगळी असेल, असं समजू नका. ती देशभराचीच.

‘हत्या’ बोलीत, बातमीत चालते, पण आरोपाचं नाव द्यायचं तर ‘खून’च लिहा. तो फारसीतून आलेला, मूळ अर्थ रक्त. लिहिताना ‘न’ सांभाळा : ‘खुनाचा तपास’ आणि ‘खुणेचा दगड’. ‘खुणाचा गुन्हा’ छापलेला पाहिला की मुद्रितशोधकाचीच चौकशी लावावीशी वाटते.