मदत हवी आहे: यामाहा एक्सटी ५०० गरम झाली की किकला दादच देत नाही

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, धागा लांबणार आहे, कारण काय काय करून झालंय ते लिहिलं नाही तर पहिलाच प्रतिसाद "प्लग बदलून बघ" असा येणार. प्लग बदललाय. दोनदा.

मूळ सातारकर, सध्या मुक्काम जर्मनी, स्टुटगार्टच्या जवळ. गेल्या वर्षी एक यामाहा एक्सटी ५०० घेतली, १९८० ची. टाकी एका बाजूला चेपलेली, बाकी गाडी खणखणीत. एकच सिलिंडर, ४९९ सीसी, ८७ मिमीचा पिस्टन, आणि बटण स्टार्टर हा प्रकारच नाही. इकडे या गाडीचं वेड आहे, साठीतली माणसं सिग्नलला काच खाली करून बोलतात कारण प्रत्येकाच्या तरुणपणी कुणाकडे तरी ही होतीच. पहिली पॅरिस-डाकार १९७९ साली सिरिल नवू जिंकला तो हीच गाडी घेऊन. म्हणजे बघा, तो बाबा सहारात वाळूत उभा राहून किक मारत होता आणि मला इथे डांबरी पार्किंगमध्ये जमेना.

आता किकचं म्हणाल तर मी अगदीच नवखा नाही. आमच्या अण्णांची बुलेट होती, ३५०, जुन्या कास्ट आयर्न इंजिनची. नववीत असताना त्यांनी शिकवलं: किक हळू दाबत न्यायची, अँपिअरच्या काट्याकडे बघायचं, काटा मध्ये आला की थांबायचं, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडून देणारा लिव्हर) ओढून किक बोटभर पुढे सरकवायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मगच मारायची. "लाथ मारू नको, वजन टाक" एवढंच त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी मी वजन टाकायच्या ऐवजी लाथ मारली, उलटी किक बसली आणि आठवडाभर शाळेत लंगडत गेलो, घरी सांगितलं पीटीच्या तासाला पडलो.

एक्सटीला काट्याच्या जागी हेडच्या उजव्या बाजूला छोटीशी काचेची खिडकी आहे. डाव्या हाताला डीकॉम्प्रेसरचा लिव्हर, तो दाबून किक हळूहळू ढकलायची, खिडकीत खूण दिसली म्हणजे पिस्टन टॉपच्या जरा पुढे गेला, लिव्हर सोडायचा, किक वर, आणि एक सलग धक्का शेवटपर्यंत. तत्त्व तेच. पण बुलेटचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पट दाबतो ते, साडेसहाला एक आणि हिचं नऊला एक, हा फरक कागदावर नाही कळत, नडगीला कळतो.

थंड असताना तक्रार शून्य. चोक ओढला, खूण बघितली, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या किकला चालू, आणि तो धड्ड धड्ड आवाज सुरू झाला ना की काय सांगू राव, असं वाटतं गाडी आपल्याशी बोलायला तयार झाली. बायको म्हणते एवढ्या कौतुकाने तू माझा फोनपण उचलत नाहीस. माझ्या ऑफिसच्या गाडीला बटण आहे, दाबलं की चालू, त्यात माझा काय संबंध? इथे चालू होते ती मी चालू केली म्हणून होते.

खरी बोंब गरम झाल्यावर. मागच्या महिन्यात एका मोटोक्रॉस क्लबच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा दिवस होता. (इथे जंगलातल्या रस्त्यांवर मोटरसायकल घालता येत नाही त्यामुळे माती खायची तर असंच कुठेतरी जावं लागतं.) अर्धा तास मस्त चालवली, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दम काढला आणि बंद पडली. झालं. चढावर, १४० किलोची गाडी डाव्या मांडीने तोलून, हेल्मेटच्या आत घामाची धार, किक मारतोय. दहा, वीस, तीस. मध्येच घाबरून चोकपण ओढला. पस्तिसाव्या का छत्तिसाव्या किकला ती उलटली, किकचा दांडा असा वर आला की बुटाची टाच सुटली आणि रबर नडगीवर. बूट मोटोक्रॉसचे होते म्हणून हाड वाचलं.

तेवढ्यात एक आजोबा आले, सत्तरीचे तरी असतील. काही न बोलता मला बाजूला केलं, गाडी सपाटीला आणली, चोक बंद केला, रेसची मूठ पूर्ण उघडी धरून डीकॉम्प्रेसर दाबून आठ-दहा वेळा रिकामी किक मारली, सिगारेट पेटवली, अर्धी ओढली, मग खूण बघून एक किक. दुसरी किक. चालू! जाताना फक्त म्हणाले "ओने गास", म्हणजे रेस न देता. आता मी रेस देतच नव्हतो हो! निदान मला तसं वाटतंय.

करून झालेलं: व्हॉल्व्ह क्लिअरन्स मॅन्युअलप्रमाणे, पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) साफ करून गॅप लावला, कार्ब्युरेटर उघडून जेट धुतले, पेट्रोल ताजं, प्लग नवा. बॅटरीचं नाव घेऊ नका, हिचं इग्निशन मॅग्नेटोवर आहे, ठिणगीची वीज इंजिन फिरलं की तिथेच तयार होते.

प्रश्न दोनच. गरम असताना माझं काय चुकतंय? आणि ती उलटी किक, ती माझ्या पायाची चूक की गाडीची?

प्रतिसाद १
बटणवाली घे. धागा बंद.

धागाकर्ता
हा येणारच होता, फक्त एवढ्या लवकर येईल वाटलं नव्हतं 😄

प्रतिसाद २
दादा, कराडला आमचं गॅरेज आहे, एक्सटी कधी हातात आली नाही पण बुलेट आणि येझदी रोज येतात, इंजिन ते इंजिन. अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. गाडी गरम करा, बंद करा, आणि चालू होत नाही त्याच वेळी लगेच प्लग काढा, घरी आणून गार झाल्यावर नाही. प्लग ओला आहे की कोरडा ते बघा. मग दुसरा प्लग कॅपला लावून हेडला टेकवा आणि किक मारा, पण प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, आत पेट्रोल असेल तर भडका उडेल. ठिणगी निळी, जाड, टक् आवाज करणारी पाहिजे. पिवळी आणि बारीक दिसली तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) गेला समजा. कंडेन्सर गार असताना शहाण्यासारखा वागतो, गरम झाला की नाटकं. कॉइलपण तसंच करते पण आधी कंडेन्सर, स्वस्त आहे. ठिणगी चांगली आणि प्लग ओला असेल तर ओव्हर झालीये, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय, मग आजोबांनी केलं तेच औषध.
अजून एक, गरम असताना किक हलकी लागते का? लागत असेल तर व्हॉल्व्ह टाइट असणार, गरम झाल्यावर नीट बसत नसतील.
उलट्या किकचं म्हणाल तर पाय अर्धवट पडला तरी उलटते, पण ॲडव्हान्सची वजनं बघा, इंजिन वेगात फिरलं की ती बाहेर सरकून ठिणगी लवकर पाडतात. वजनं बाहेरच अडकून राहिली की ठिणगी फार आधी पडते, पिस्टन अजून वर येतोय तेवढ्यात स्फोट, मग तो किकला उलटी फिरवणारच.

प्रतिसाद ३
ॲरिझोनातून लिहितोय. माझ्याकडे होंडा सीआर ५०० आहे, टू-स्ट्रोक, ४९१ सीसी, आणि तुमच्यासारखं डीकॉम्प्रेसरचं लाड-कौतुक नाही. कॉम्प्रेशन लागेपर्यंत किक न्यायची, जरासं पुढे ढकलायचं, वर आणायचं आणि मनात शंका न ठेवता खालपर्यंत घालायची. शंका आली की पाय अर्ध्यात थांबतो आणि पाय थांबला की ती मारते. पहिल्याच महिन्यात स्पोर्ट शूज घालून गॅरेजमध्ये "फक्त चालू करून बघतो" म्हटलं होतं, घोटा तीन आठवडे सुजलेला. पायाचा मधला खळगा किकवर ठेवा, बोटं नाही, आणि गुडघा शेवटी ताठ करू नका.
आणि ते "ओने गास" हसण्यावारी नेऊ नका. कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, उजव्या मनगटाचा.

धागाकर्ता (अपडेट, दोन आठवड्यांनी)
मंडळी, प्रतिसाद ३ वाल्यांना साष्टांग नमस्कार. बायकोने व्हिडिओ काढला. वजन खाली टाकताना मी हँडल आवळून धरतो आणि त्या झटक्यात मनगट वळतं, मूठ चांगली पाव फिरते, आणि मला पत्ताच नाही! मूठ उघडली की आयडलच्या छिद्रातून पेट्रोल ओढलंच जात नाही, थंडीत चोकमुळे हे झाकलं जात होतं. आता उजवा तळहात नुसता टेकवतो, बोटं उघडी.

पण गाडीपण साधी नाही. पंधरा किलोमीटर फिरवून आणली, बंद केली, चालू होईना, लगेच प्लग काढला. ओला. ठिणगी पिवळी, केसाएवढी. सकाळी तोच प्लग, तीच जागा, निळी ठिणगी. कराडच्या दादांनी फोटो न बघता निदान केलं, मानलं. किक हलकी लागत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवरचा संशय मिटला. कंडेन्सर बदलला. ॲडव्हान्सचं एक वजन जुन्या ग्रीसमध्ये चिकटलेलं होतं, बोटाने ढकललं तर तसंच बाहेर राहत होतं, ते रॉकेलने धुऊन मोकळं केलं. त्यानंतर उलटलेली नाही, पण मोटोक्रॉसचे बूट घातल्याशिवाय मी तिच्या जवळ जात नाही.

गरम असताना आता तिसऱ्या-चौथ्या किकला येते. रविवारी इथे शांतता पाळावी लागते म्हणून शनिवारीच सगळे प्रयोग उरकले, शेजारच्या आजींनी गॅलरीतून अंगठा दाखवला, तो चालू झाली म्हणून की एकदाची निघाली म्हणून ते विचारलं नाही.

आता पुढचा प्रश्न: इथले सगळे म्हणतात पॉइंट काढ आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव, कटकट मिटेल. कुणी बसवलंय का जुन्या सिंगल सिलिंडरला? अण्णांना फोन करून विचारलं तर ते म्हणाले पॉइंटच ठेव, पॉलिशपेपर कुठेही मिळतो.