तांबड्या पेशी घडताना चिकटवणाऱ्या प्रथिनाचे काम नेमके काय?

प्रश्न (विद्यार्थी, प्राणिशास्त्र, शहादा)
अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडत असताना त्यांच्या पेशीपटलावर अल्फा-४ बीटा-१ इंटेग्रिन हे प्रथिन असते आणि त्याच्या आधाराने त्या शेजारच्या मॅक्रोफेजला (इतर पेशी व कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशीला) चिकटून राहतात, असे वाचले. पेशीला धरून ठेवणे एवढेच त्याचे काम आहे, की ती तांबडी व्हायची की पांढरी, हेही तेच ठरवते?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, धुळे)
ते प्रथिन पेशीचा प्रकार ठरवत नाही. तो निर्णय मुख्यतः गाटा-१ सारखी, जनुकांवर नियंत्रण ठेवणारी प्रथिने घेतात, आणि त्या वाटेला लागलेल्या पेशींना एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जगवते. मार्सेल बेसिस यांनी १९५८ मध्ये वर्णन केलेल्या पेशीबेटात मधोमध एक मॅक्रोफेज असतो, भोवती अपक्व पेशी असतात, आणि त्यांचे इंटेग्रिन मॅक्रोफेजवरच्या व्हीकॅम-१ या प्रथिनाला धरून असते. रावेरकडे घड लागलेल्या केळीला टेकू देतात; टेकूने वाण बदलत नाही, पण त्याच्यावाचून झाड आडवे होण्याची भीती असते.

उत्तर (संशोधक विद्यार्थिनी, जळगाव)
सर, उपमा आवडली, पण टेकू झाडाशी बोलत नाही आणि इंटेग्रिन पेशीच्या आत संदेश पाठवते. उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांत सुरुवातीचा टप्पा एरिथ्रोपोएटिनवर, तर नंतरचा फायब्रोनेक्टिनला (पेशींबाहेरच्या जाळ्यातील प्रथिनाला) चिकटण्यावर अवलंबून असल्याचे दिसले. तरीही मानवी मूळपेशींपासून मॅक्रोफेजशिवाय प्रयोगशाळेत रेटिक्युलोसाइट (केंद्रक टाकलेल्या, पण अजून पूर्ण पक्व न झालेल्या तांबड्या पेशी) तयार करता येतात, म्हणजे हा आधार मोलाचा असला तरी त्याच्यावाचून सगळेच अडते असे नाही. माझ्या मते सुटण्याची वेळ ही चिकटण्याइतकीच महत्त्वाची आहे: पक्वता येत जाते तसे इंटेग्रिन कमी होते, केंद्रक बाहेर टाकले जाताना त्यातला काही भाग केंद्रकाभोवतीच्या पटलाबरोबर जातो, मॅक्रोफेज ते केंद्रक गिळतो आणि रेटिक्युलोसाइट रक्तात जायला मोकळा होतो.

उत्तर (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नंदुरबार)
सुटण्याची ही वेळ चुकली की काय होते, ते सातपुड्यातल्या सिकलसेलच्या (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांत दिसते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, सिकलसेलमध्ये ती साधारण १० ते २० दिवसांतच फुटते; ही तूट भरण्याच्या घाईत मज्जेतून असे रेटिक्युलोसाइट बाहेर पडतात, ज्यांच्यावर अल्फा-४ बीटा-१ अजून शिल्लक असते. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरील व्हीकॅम-१ ला चिकटतात आणि प्रवाह अडण्यास हातभार लावतात. मूळ दोष अर्थात हिमोग्लोबिनचाच. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने रुग्णाच्या रक्तात गर्भावस्थेतल्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते हे सर्वांना ठाऊक असते, पण अशा चिकट रेटिक्युलोसाइटची संख्याही कमी होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

प्रश्नकर्ता
म्हणजे सिकलसेलचा दोष एकाच पालकाकडून आलेल्या वाहक व्यक्तीच्या रक्तातही रेटिक्युलोसाइट वाढलेले असतात का?

तंत्रज्ञ
नाही. वाहकाच्या पेशी जवळजवळ नेहमीइतक्याच टिकतात, त्यामुळे मज्जेला घाई करावी लागत नाही. प्रात्यक्षिकात न्यू मिथिलीन ब्लू या रंगाने रंगवलेल्या, रुग्णाच्या आणि वाहकाच्या रक्ताच्या दोन्ही काचा शेजारी ठेवून मोजा, फरक लगेच कळेल.