शब्दचर्चा: ‘एकसुरो’ मराठीत चालेल का?

साळगावची: पणजीत आमचा गाणी ऐकणाऱ्यांचा छोटा गट आहे. येत्या शनिवारी अमेरिकी रॅपर कान्ये वेस्टचा ‘८०८ज अँड हार्टब्रेक’ (२००८) सलग ऐकायचाय आणि मराठीत ओळख मी करून द्यायचीय. निमंत्रणात लिहिलं, ‘एका एकसुऱ्या माणसाचा अल्बम’. पुण्याच्या मैत्रिणीचं लगेच उत्तर, “एकसुरी आहे तर ऐकायचा कशाला?” आम्ही घरी मराठी बोलतो, पण कोकणीतला एकसुरो म्हणजे एकटा पडलेला, हे लहानपणापासून कानात आहे. आजी गेली तेव्हा अख्खा वाडा आजोबांना बघून ‘एकसुरो जालो’ म्हणायचा. मराठीत हा अर्थ नाहीच का? आणि हार्टब्रेकला काय म्हणू?

नाना, फोंडा: मराठीत एकसुरी म्हणजे कंटाळवाणं. एकाकी हा शब्द असताना उसनवारी कशाला? आणि हार्टब्रेक म्हणजे प्रेमभंग. विषय संपला.

साळगावची: नाना, नाही संपला. २००७च्या नोव्हेंबरात कान्येची आई गेली, पुढे ठरलेलं लग्न मोडलं. मग होनोलुलूत बसून तीनेक आठवड्यांत हे रेकॉर्ड केलं. (समुद्रकाठी राहूनही माणूस असा एकटा पडतो, हे गोंयकाराला सांगायला नको.) आईच्या जाण्याला प्रेमभंग म्हणू?

दोन कप चहा: हृदयभंग?

वहिनी, डिचोली: हृदयभंग म्हटलं की मला बांबोळीची ओपीडी दिसते. काळीज बरं. पण काळीज तुटतं ते दुसऱ्यासाठी. लेकाला मडगावच्या होस्टेलवर सोडून आले तेव्हा बोरीचा पूल येईपर्यंत माझं तुटत होतं, तो तिकडे मजेत. मन मोडणं तर आणखी वेगळं. शेजारीण खतखतं घेऊन येते, पोट भरलेलं असतं, तरी तिचं मन मोडू नये म्हणून दोन घास खायचे.

नाना, फोंडा: काळीज मुळात संस्कृत ‘कालेय’वरून. म्हणजे यकृत. प्रेमाशी संबंध नाही.

दोन कप चहा: मग ‘यकृतभंग’ ठेवा. फेणीवाले गर्दी करतील.

ताळगाव ते ठाणे: कव्हर बघितलंय का कुणी? हृदयाच्या आकाराचा फुगा आहे, पण फुटलेला नाही. हवा गेलेला. वाढदिवस होऊन तीन दिवस झाले की पंख्याच्या वाऱ्यानं सरकत सरकत कपाटामागे जातो आणि केर काढताना सापडतो, तसा. त्यामुळे भंगणं, तुटणं, फुटणं सगळं बाद. ‘खचणं’ बघा. विहिरीचा काठ खचतो, माणूसही खचतो. आवाज होत नाही.

साळगावची: हे आवडलं! पण नाम कसं करू? खचलेपण?

नाना, फोंडा: ‘मनोभंग’ आहे ना कोशात.

वहिनी, डिचोली: कोशात आहे, तोंडात कुणाच्या आहे? आई गेली की माणूस पोरका होतो, तिशीतला असला तरी. पोरकेपण लिही.

दोन कप चहा: लग्न मोडलं म्हणून कुणी पोरका होतो का?

वहिनी, डिचोली: होतात काही.

ताळगाव ते ठाणे: मूळ शब्दाबद्दल. एकसुरोत ‘सूर’ नसावाच असा माझा अंदाज. ‘सर’ असेल. एकसर, म्हणजे एकपदरी माळ.

नाना, फोंडा: पुरावा?

ताळगाव ते ठाणे: आईच्या गळ्यातली.

नाना, फोंडा: हा पुरावा नव्हे. उद्या कोकणीतलं काहीही उचलाल आणि मराठी म्हणाल.

वहिनी, डिचोली: बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिल्या. तुम्हीच पाठ म्हणता की.

म्हापशाची पेटी: गोव्याचा १९८७चा राजभाषा कायदा, म्हणजे कोकणी की मराठी हा वाद, इथे उकरू नका, हात जोडतो. मला तर पुण्याच्या मैत्रिणीचा अर्थही पटतो. हा गडी रॅपर, पण इथे बहुतेक गातोच, तेही ऑटोट्यूनमधून. ऑटोट्यून घसरलेला सूर उचलून जवळच्या पट्टीवर नेऊन ठेवतं. हे झटक्यात करायला लावलं की दोन सुरांमधली मींडच, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणंच, उडते. गळ्याची पेटी होते म्हणा ना. खाली टीआर-८०८चा ठोका. नावातला ८०८ तोच, रोलँडचं १९८० सालचं तालयंत्र. माणूस आतून रडतोय आणि आवाजाला नीट कापराही भरत नाही, हे मला रडण्यापेक्षा भयाण वाटतं. एकटाही आणि एका सुराचाही. तो शब्द बदलू नका.

नाना, फोंडा: पेटीला नावं का ठेवता? बोरीच्या तुळशीदास बोरकरांची पेटी ऐकलीय? मींड घेतल्याचा भास व्हायचा.

म्हापशाची पेटी: भास म्हणालात ना? मी स्वतः तीस वर्षं वाजवतोय. १९४०मध्ये रेडिओनं पेटीवर बंदी घातली ती उगाच नाही.

नाना, फोंडा: ती श्रुतींवरून, सुरांमधल्या बारीक अंतरांवरून. मींडेवरून नव्हे.

म्हापशाची पेटी: दोन्हींवरून.

साळगावची: मंडळी, निमंत्रण आज संध्याकाळी छापायला जातंय.

नाना, फोंडा: जाऊ दे. आधी मला सांगा, बावीस श्रुती पेटीवर बसवायच्या तर पट्ट्या किती लागतील?