'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' वस्तीत कोण वाचून दाखवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबासाहेबांचं 'मूकनायक' पाक्षिक ३१ जानेवारी १९२० ला मुंबईत सुरू झालं, 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये. त्यांतले अग्रलेख पुस्तकरूपात मिळतात, ते वाचून झालेत. माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. तेव्हा वस्तीत अक्षरओळख असलेली माणसं मोजकीच, तरी विचार तिथवर पोचले. म्हणजे कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवत असणार. पण कुठे? (गावच्या चावडीवर तर शक्यच नव्हतं!) गिरणीतून सुट्टीवर येणारे अंक सोबत आणायचे का? घरातल्या थोरामोठ्यांकडून असं काही ऐकलं असेल तर कृपया लिहा, तालुक्यासकट. आत्मचरित्रं सुचवलीत तरी चालेल. कोकणातलं काही मिळालं तर फारच बरं.