अनुभव धागा: भिंतीवरची शिंगं आणि आजोबांची शिकार

माळावरची
गावाकडच्या घराला रंग द्यायला काढलाय. काल काकांनी सोप्यातली काळविटाची शिंगं खाली उतरवली आणि आता ही ठेवायची कुठं यावरून वाद झाला. पिळाची, काळीभोर. आम्ही पोरं त्यांना टोप्या अडकवायचो.

गाव सोलापूरजवळच्या नान्नजच्या पलीकडं. आजोबांकडं परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. ते सांगायचे, चालत्या माणसाला बघून काळवीट लांबूनच उधळतं, पण बैलगाडीला भीत नाही. रोजची सवय ना. मग गडी गाडी हाकायचा आणि आजोबा चाकाआडून चालायचे. सरळ कळपावर जायचं नाही, गोल फिरत घेर कमी करत आणायचा. गाडी थांबवायची तर मुळीच नाही. आजोबा एखाद्या बोरीच्या झुडपाआड खाली बसायचे, गाडी पुढं जात राहायची, कळपाची नजर गाडीबरोबर जायची. मग बार.

वाटे गावभर जायचे. आजी मात्र घरच्या चुलीला हात लावू द्यायची नाही, परड्यात तीन दगड मांडून बाप्येच शिजवायचे.

1972 ला दुष्काळ आणि वन्यजीव कायदा एकदमच आले. दुष्काळात पाण्यावर आलेल्या जनावरावर आपण बंदूक धरली नाही असं आजोबा म्हणायचे. चुलत आजोबा वेगळंच सांगतात 🙂

तुमच्या घरी कुणी करायचं का शिकार? म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

शेंगाचटणी
चव कशी असते ते आधी सांगा.

बार्शीची लेक
वडील सांगतात चरबी नसतेच, बोकडापेक्षा लाल आणि जरा चिवट. उरलेल्या मटणाच्या चान्या करून दोरीवर वाळवायचे, पावसाळ्यात काळं तिखट घालून रस्सा. बाकी नंतर लिहिते, दूध उतू चाललंय.

फाईलवाला
@माळावरची, शिंगं माळ्यावर टाकू नका आणि कुणाला भेट तर अजिबात देऊ नका. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. घरात जुनी शिंगं, कातडी असतील तर जाहीर करायला 2003 मध्ये एक संधी दिली होती. तेव्हाचे कागद, मालकीचं प्रमाणपत्र शोधा. वारसाने आलं तरी 90 दिवसांत कळवावं लागतं. कागद नसतील तर वन खात्यात स्वतः जाऊन बोला. विकायचा विचारही नको.

दोन नंबर गल्ली
रानात सापडली म्हणून सांगायचं की बे 😂

फाईलवाला
नाही चालत. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची जन्मभर डोक्यावर असतात. रानात नुसती शिंगजोडी सापडत नसते. आणि असं इथं लिहू पण नका हो.

माळावरची
बापरे. काकांना आत्ताच फोन करते. त्यांनी एका पाहुण्याला कबूल केलीत!

पालावरचा
मी पारधी. आजोबा फासे लावायचे. लांब दोरीला एकापुढं एक फास, खुंट्या ठोकून माळावर आडवे टाकायचे आणि दुसऱ्या बाजूनं कळप हळू हाकत आणायचा. शिकवलेला बैल असायचा, त्याच्या आडून जायचं. अजून एक होतं. पाळलेल्या काळविटाच्या शिंगाला फास बांधून सोडायचे. रानातला नर भांडायला आला की शिंगं गुंतायची. बंदूक नाही, आवाज नाही.

तुमच्या आजोबांना परवाना होता. आमचे आजोबा सोलापुरात सेटलमेंटच्या तारेत, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडायच्या सरकारी वसाहतीत वाढले, हजेरी देऊन गिरणीत कामाला जायचे. गुन्हेगार जमातीचा कायदा 1952 ला गेला, शिक्का कुठं गेला? शिकार एकच होती.

माळावरची
खरं आहे दादा. आमच्या घरात याचा विचार कुणी केला नव्हता. अजून लिहा ना, फास कशाचे असायचे?

पालावरचा
तातीचे, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या दोरीचे. आई जास्त सांगेल, रविवारी विचारतो.

अक्कलकोट रोड
आमचं घर माळकरी, त्यामुळं शिकार नाही. पण शहरातून रात्री जीपवाले यायचे ते वडिलांनी पाहिलंय. प्रकाशझोत डोळ्यांवर मारला की हरीण जागचं हलत नाही, मग धाडधाड. गाभण आहे का पाडस आहे काही बघायचे नाहीत. गाडीच्या चाकाआडून जाणारा आणि हे, दोघांना एका तागडीत नको घालू. अर्थात हरणाला काय फरक पडतो म्हणा.

कोल्हापुरी माहेर
आमच्याकडं दरबारात चित्ते पाळून काळवीट धरायचे. डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून माळावर न्यायचे, कळप दिसला की पट्टी काढायची. चित्ता देशातून संपला, 2022 ला कुनोत परदेशातून आणले. काळवीट मात्र टिकलं बघा.

मालदांडी
टिकलं? माझ्या रानात येऊन बघा की राव! हरभऱ्याचे शेंडे ठेवले नाहीत यंदा. ज्वारी गुडघ्याएवढी झाली की कळपच्या कळप. पंचनाम्याला अर्ज केलाय, बघू. धाग्यावर सगळे आठवणी काढाय लागलेत, मी रात्री बॅटरी घेऊन बांधावर बसतोय.

बार्शीची लेक
दादा, भोवतीनं साड्या बांधा. आमच्याकडं सगळे बांधतात. वाऱ्यानं हलल्या की बिचकतात.

मालदांडी
बांधल्या हो. चार दिवस बिचकली, आता साडीखालून येतात.

शेंगाचटणी
नान्नजला मुलांना काळवीट दाखवायला न्यायचंय, कधी जावं? माळढोक पक्षी पण दिसेल ना?

अक्कलकोट रोड
सकाळी लवकर. काळवीट हमखास, नशीब असेल तर लांडगा, खोकड. माळढोकाचं मुलांना कबूल करू नका. अभयारण्य त्याच्यासाठीच 1979 ला केलं, पण आता तोच दिसणं अवघड.

मालदांडी
जाताना माझ्या रानावरनं जा, तिकीट नाही 😀 बरं ते साड्यांचं, घरातल्या संपल्या. जुन्या कुठं मिळतील?

बार्शीची लेक
बोहारणीला सांगून ठेवा. नायलॉनच्याच घ्या, सुती उन्हात विरतात. आणि दोन ओळी बांधा, एक अगदी जमिनीलगत.