शनिवारी रात्री पोकर, सोमवारी फर्स्ट शिफ्ट: जमतं का?

पाचवा पत्ता (धागाकर्ता)

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. सोमवार ते शनिवार नोकरी आणि शनिवारी रात्री विश्रामबागेत मित्राच्या फ्लॅटवर पोकर. टेक्सास होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे पाच), ५-१० चे ब्लाइंड (दर डावाला दोघांनी आधीच लावायचे पैसे, त्यातले १० म्हणजे बिग ब्लाइंड), हजार रुपयांचा बाय-इन (बसताना चिप्ससाठी भरायचे पैसे). नाल, म्हणजे जागेच्या मालकाचा वाटा, कोणी काढत नाही, चहा-भडंग पाळीपाळीने. आधी आमच्यातले निम्मे ॲपवर खेळायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, कौशल्याचा खेळ की नशिबाचा हा भेदच ठेवला नाही, आणि सगळी मंडळी पुन्हा सतरंजीवर आली.

परवा जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाला, "एक तर नोकरी करावी, नाहीतर जुगार. दोन्ही जमत नाही." माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. पोकर नीट खेळायचा असेल तर नोकरी हवीच.

या खेळात बहुतेक वेळ पत्ते टाकून देण्यात, म्हणजे फोल्ड करण्यात जातो. हातात एक्क्यांची जोडी येते २२१ डावांत एकदा. तासाला २५-३० डाव होतात, म्हणजे अख्खी रात्र बसून एकदाही ती न येणं यात विशेष काही नाही. तोवर गप्प बसायला ठरलेला पगार लागतो. ज्याचा घराचा हप्ता टेबलावरून निघायचा आहे तो फ्लॉपवर (मधले पहिले तीन पत्ते उघडल्यावर) आपले चार किलवर जमलेले दिसले की पाचव्यामागे धावतो, आणि दोन पत्ते बाकी असताना तो पाचवा शंभरात पस्तीस वेळाच येतो.

२००३ ची पोकरची वर्ल्ड सिरीज जिंकणारा ख्रिस मनीमेकर अमेरिकेतल्या टेनेसीचा अकाउंटंट होता. ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून आत आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षीचा विजेता ग्रेग रेमर पेटंट वकील, चांगल्या कंपनीत नोकरीला. दोघांचं घर पोकरवर चालत नव्हतं.

माझे नियम थोडेच आहेत. पोकरचे पैसे वेगळ्या खात्यात, ते संपले की पुढच्या पगारापर्यंत बसायचं नाही. साडेबाराला शेवटचा डाव, वर असो की खाली. आठवड्यात मध्ये खेळ नाही. आणि आपल्या हाताखालच्या माणसाबरोबर पैशाने खेळायचं नाही. हा शेवटचा नियम लोकांना किरकोळ वाटतो, पण सुपरवायझर आणि त्याचाच ऑपरेटर एका टेबलावर बसले की ऑपरेटर रेझ करत नाही (बोली वाढवत नाही) आणि सोमवारी सुपरवायझर त्याचा रिजेक्ट झालेला भाग बाजूला काढत नाही. खेळही बिघडतो, मालही.

विरोधातलं ऐकायला आवडेल. फक्त "जुगार वाईट" एवढंच लिहू नका.

गणिताचा मास्तर

जुगार वाईट असं लिहीत नाही, हिशेब लिहितो.

शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावणारा खेळाडू चांगला म्हणायचा. आठवड्याला पाच तास, तासाला २५ डाव, वर्षाचे ५२ शनिवार धरले तर ६,५०० डाव. कमाई ३२५ बिग ब्लाइंड. तुमचा बिग ब्लाइंड १० रुपयांचा, म्हणजे वर्षाला ३,२५० रुपये. बसलात २६० तास. तासाला साडेबारा रुपये पडले. कुपवाडात या दराने झाडायलाही कोणी येणार नाही.

हा झाला सोपा भाग. होल्डेममध्ये शंभर डावांमागे प्रमाण विचलन, म्हणजे चढउताराचं माप, ९० बिग ब्लाइंडच्या आसपास असतं. ६,५०० डावांना ते सव्वासातशेच्या घरात जातं. म्हणजे ३२५ मिळण्याची अपेक्षा आणि त्याच्या दुपटीहून जास्त इकडे-तिकडे. चांगला खेळाडूसुद्धा साधारण तीन वर्षांतलं एक तोट्यात काढणार. आणि शंभरामागे ५ ब्लाइंड गमावणारा कच्चा खेळाडू तीन वर्षांतलं एक फायद्यात संपवणार. त्या वर्षाच्या शेवटी त्याला वाटणार की आपल्याला खेळ कळला. आपण यांतले कोण हे आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला वर्षानुवर्षं कळत नाही. तुमची हिशेबाची वही कितीही नीट असली तरी.

आणि मनीमेकरच्या वर्षी ८३९ जण बसले होते. बाकीच्या ८३८ मध्येही नोकरदार असतीलच, त्यांची उदाहरणं कोणी देत नाही.

हळदबाजार

मास्तर, हिशेब झकास. पण जरा आजूबाजूला बघा की. आमच्या मार्केट यार्डात सकाळी हळदीचा सौदा निघतो, तिथं माल घेऊन ठेवणारा काय वेगळं करतो? आणि नोकरदारांचं म्हणाल तर ऑफिसात मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवून शेअर बाजारात ऑप्शन खेळणारे मला ढिगानं माहीत आहेत. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: तीन वर्षांत फ्यूचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. त्यांना घरचे म्हणतात "शेअर मार्केट करतो". हा गडी शनिवारी रात्री, स्वतःच्या वेळेत, हजार रुपये घेऊन बसतो, तर तो जुगारी.

पोकरवाला निदान कामाच्या वेळेत खेळत नाही. बॉसला सांगा, ऑप्शनवाल्यापेक्षा हा परवडला.

गणिताचा मास्तर

दुसरा जास्त बुडाला म्हणून पहिला तरला असं होत नाही. शिवाय हळद घेऊन ठेवणाऱ्याकडे शेवटी हळद तरी असते.

कायद्याचं बोलू

मध्येच येतो, कारण "घरी खेळतो म्हणजे चालतं" हे सगळ्यांनी गृहीत धरलंय.

आपल्याकडे महाराष्ट्रात अजून १८८७ चाच जुगार प्रतिबंध कायदा आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकरला ते छत्र तसंच्या तसं मिळत नाही. पश्चिम बंगालने १९५७ च्या कायद्यात ब्रिज, रमीबरोबर पोकरचंही नाव घेऊन तो जुगारातून वगळला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटलं. महाराष्ट्राच्या कायद्यात पोकर हे नाव नाही.

म्हणून नाल न काढणं ही नुसती मैत्री नाही, तुमचा सगळ्यात महत्त्वाचा बचाव तोच. जागेच्या मालकाने खेळातून फायदा घेतला की ती जागा जुगारघर ठरू शकते, आणि तिथे सापडलेला प्रत्येक जण गुन्ह्यात येतो, फक्त मालक नाही. "चहाचे म्हणून" प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) वीस रुपये काढणारे गट मी पाहिलेत. चहा तेवढा पीत नाही कोणी. तुमच्यात कोणी शिक्षक किंवा झेडपीत असेल तर त्याने जास्त जपावं. छाप्याच्या बातमीत नाव आलं की खटला पुढे सुटला तरी साहेबांसमोर उभं राहायचं ते राहायचंच.

कराचंही सांगतो. पत्त्यांतल्या जिंकण्यावर सरळ ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, तुमचा स्लॅब कोणताही असो. तोटा वजा होत नाही. एका शनिवारी ४,००० जिंकले आणि पुढच्या शनिवारी ४,००० घालवले तर वहीत शून्य, आयकर खात्याच्या दृष्टीने ४,००० उत्पन्न आणि १,२४८ कर. मास्तरांचे साडेबारा रुपये यातून उरतात का बघा.

पाचवा पत्ता

कायद्याचं पटलं. जागेच्या मालकाला आम्ही चहाचेसुद्धा देत नाही, आता देणारही नाही.

मास्तर, शंभरामागे पाच हे भक्कम टेबलावर. आमच्याकडे अर्धे लोक प्रत्येक डाव शेवटपर्यंत बघायला जातात. वीसही पडू शकतात. तेरा हजार झाले वर्षाचे. पण मुद्दा तो नाहीच. मी याला जोडधंदा म्हटलं नाही. कोणी दर रविवारी टर्फवर क्रिकेट खेळतो, त्याला तासाचा दर विचारता का?

रात्रपाळी

मिरजेत नर्स आहे. एवढंच लिहिते: साडेबाराला शेवटचा डाव म्हणजे झोप साडेबाराला लागत नाही. हरलेला डाव डोक्यात फिरत राहतो, जिंकलेला त्याहून जास्त. रविवार दुपारपर्यंत झोपायचं, मग रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारी पहाटे पाचला उठायचं. तुम्ही मापाचं व्हर्नियर धरता, भट्टीवरच्या माणसाचं काय? तो पण तुमच्या टेबलावर असेल तर खेळ शनिवारी रात्री नको, शनिवारी संध्याकाळी पाचला सुरू करा आणि जेवायला घरी जा.

हळदबाजार

पाचला? पाचला कोण पोकर खेळतंय ताई. पाचला आम्ही पेमेंट मागत फिरतो.

दुसरी बाजू

मी खेळत नाही. साताऱ्यात, गोडोलीत राहते. नवरा असाच एका शनिवारच्या गटात जातो, तुमच्या नव्हे. तुमच्यासारखेच नियम सांगतो, वेगळं खातं वगैरे. त्यामुळे हा धागा वाचताना मजा वाटली.

तुम्ही सगळे जिंकणाऱ्याचं बोलताय. मास्तर पण. माझा नवरा "प्रत्येक डाव शेवटपर्यंत बघायला जाणाऱ्यां"पैकी आहे. घरच्या टेबलावर बाहेरून एक रुपया येत नाही. सात जण पैसे घेऊन येतात आणि तेच पैसे सात जणांत फिरून घरी जातात. मग ज्याला शंभरामागे वीस पडतात, त्याला ते कोण देतं? दर शनिवारी तेच तेच दोघं-तिघं. टर्फवरच्या क्रिकेटमध्ये सगळे तेवढीच वर्गणी देतात, कच्चा बॅट्समन जास्त देत नाही. ते उदाहरण इथे बसत नाही.

पगार ठरलेला असला की माणूस फोल्ड करू शकतो म्हणता. आमच्याकडे उलटं झालंय. पगार ठरलेला आहे म्हणूनच तो फोल्ड करत नाही. गेले तर एक तारखेला परत येणारच आहेत. नोकरी नसती तर कधीच थांबला असता.

रविवारी सकाळी लेकाला घेऊन अजिंक्यताऱ्यावर चढायचं असं दोघांचं ठरलेलं असतं. कसं होतं ते "रात्रपाळी" ताईंनी लिहिलंच आहे.

पाचवा पत्ता

तुमच्या मुद्द्यावर बराच वेळ विचार केला. आमच्या टेबलावर कोण सतत देतो हे मला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत असतं. पण तो मोठा माणूस आहे, त्याला गंमत वाटते, त्याला ये म्हणून कोणी फोन करत नाही. मी सोडून दिलं तर तो दुसरीकडे जाईल, जिथे नाल काढतात.

दुसरी बाजू

दारूच्या दुकानदाराकडे पण हेच उत्तर असतं हो. त्याच्या घरी माहीत आहे का?

पाचवा पत्ता

माझ्या घरी माहीत आहे. खात्याचं पासबुक कपाटात समोरच असतं. त्याच्या घरचं मी कसं सांगणार?

दुसरी बाजू

दर शनिवारी शेजारी बसता, त्याच्या चेहऱ्यावरून हातात काय आहे ते ओळखता, आणि हे माहीत नाही.

गणिताचा मास्तर

बाईंचा मुद्दा माझ्या सगळ्या हिशेबाच्या वर गेला. एक सुचवतो. आताचा कॅश गेम, म्हणजे चिप्स संपल्या की पुन्हा पैसे भरून बसायचं, तो बंद करा. टूर्नामेंट लावा: माणशी २०० रुपये, री-बाय (पुन्हा चिप्स घेणं) नाही, चिप्स संपल्या की उठायचं. ब्लाइंड दर वीस मिनिटांनी वाढवले तर सात-आठ जणांचा खेळ तीन तासांत संपतो. सगळ्यात कच्चा माणूसही रात्रीत दोनशेच्या वर घालवू शकत नाही, आणि वर्गणी सगळ्यांची सारखी. मग क्रिकेटचं उदाहरण जरा तरी बसेल. रात्रपाळी ताईंचं झोपेचंही मिटेल. फक्त पहिल्या अर्ध्या तासात बाहेर पडलेल्याने बसून काय करायचं ते ठरवा, नाहीतर तो कोपऱ्यात तीनपत्ती सुरू करेल.

पाचवा पत्ता

टूर्नामेंटमध्ये शेवटी शेवटी खेळ राहत नाही मास्तर. ब्लाइंड एवढे चढतात की दहा ब्लाइंड हातात घेऊन ऑल-इन करायचं (सगळं लावायचं) की टाकायचं एवढंच उरतं. कॅश गेमची खोली त्याला नाही. पण गटावर टाकतो हे. चार जण हो म्हणाले तर पुढच्या शनिवारी करून बघू. री-बाय बंद हे सगळ्यात आधी.

हळदबाजार

री-बाय बंद असेल तर मी येत नाही.

दुसरी बाजू

हळदबाजार, आता मला कळलं तो देणारा कोण ते. तुमच्या घरी हा धागा वाचतात का?